भौतिक व डिजिटल प्रवेश-नियंत्रण : दिलेला अधिकार परत घेण्याचा प्रश्न

१. प्रस्तावना

सुरक्षा म्हटली की कुलूप, कुंपण आणि पहारेकरी डोळ्यांसमोर येतात. संगणकाच्या प्रसारानंतर त्यांत पासवर्ड, चुंबकीय कार्ड आणि बोटाचा ठसा यांची भर पडली. तथापि भौतिक सुरक्षा पहारेकऱ्याची आणि डिजिटल सुरक्षा संगणक विभागाची, अशी विभागणी अनेक संस्थांत रूढ आहे. ही विभागणी का अपुरी ठरते आणि प्रवेश देण्याइतकेच तो काढून घेणे का महत्त्वाचे आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

२. संकल्पना

कोणी, कोठे, केव्हा व कोणत्या कामासाठी जावे, हे ठरविणारी व्यवस्था म्हणजे प्रवेश-नियंत्रण होय. तिच्या चार पायऱ्या आहेत : ओळख सांगणे, ती पडताळणे, अधिकार ठरविणे आणि नोंद ठेवणे. पडताळणी तीन गोष्टींवर आधारलेली असते. पासवर्ड ही ठाऊक असलेली, किल्ली वा कार्ड ही जवळ असलेली, तर बोटाचा ठसा ही अंगभूत गोष्ट होय. एटीएममध्ये कार्ड आणि पिन अशा दोन गोष्टी एकत्र येतात. म्हणून केवळ कार्ड हरवल्याने पैसे काढता येत नाहीत. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, बोटाचा ठसा मात्र बदलता येत नाही, हेही येथे लक्षात घ्यावे.

जेरोम सॉल्ट्झर व मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्ये संगणकीय माहितीच्या संरक्षणाची काही तत्त्वे मांडली. कामापुरताच अधिकार द्यावा, हे त्यांपैकी एक. महत्त्वाचे कुलूप दोन किल्ल्यांनी उघडावे, हे दुसरे. बँकेच्या लॉकरला एक किल्ली बँकेची व एक ग्राहकाची लागते, ती याच विचाराने.

३. मरूची शायर येथील घटना

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात मरूची शायर या स्थानिक संस्थेची सांडपाणी-व्यवस्था होती. तिची १४२ पंपिंग केंद्रे रेडिओ संदेशांद्वारे संगणकाने नियंत्रित होत. ही यंत्रणा बसविणाऱ्या कंपनीतील एका पर्यवेक्षकाने डिसेंबर १९९९ मध्ये नोकरी सोडली. पुढे स्थानिक संस्थेनेही त्यास नोकरी नाकारली. त्यानंतर २००० च्या पहिल्या काही महिन्यांत पंप अकारण बंद पडू लागले व धोक्याच्या सूचना केंद्रापर्यंत पोहोचेनाशा झाल्या. सुमारे ८ लाख लिटर सांडपाणी उद्यानांत व जलप्रवाहांत पसरले आणि जलचर मृत्युमुखी पडले. एप्रिल २००० मध्ये पोलिसांना या माजी पर्यवेक्षकाच्या मोटारीत लॅपटॉप, रेडिओ संच आणि पंप-नियंत्रणाचे उपकरण सापडले. २००१ मध्ये त्याला दोन वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली.

या घटनेत कुलूप तोडण्याची गरजच पडली नाही. आलेला रेडिओ संदेश अधिकृत व्यक्तीचाच आहे काय, हे यंत्रणा तपासत नव्हती. नोकरी संपली, परंतु त्या माणसाजवळचे ज्ञान व साधने मिळून प्रवेशाचा मार्ग खुलाच राहिला.

४. महाविद्यालयीन संदर्भ

सांडपाण्याचे पंप आणि महाविद्यालयाचा परीक्षा विभाग यांत वरवर साम्य नाही. प्रश्न मात्र तोच आहे. प्रश्नपत्रिका उतरवून घेण्याचा संगणक, गुणनोंदीची प्रणाली व उत्तरपत्रिकांची खोली या तिन्ही ठिकाणी प्रवेश मर्यादित असावा लागतो. खोलीला कुलूप असूनही पासवर्ड संगणकाच्या पडद्यावर चिकटवलेला असेल, तर खोलीत शिरणाऱ्या कोणालाही संगणक मोकळा असतो. उलटपक्षी पासवर्ड भक्कम असूनही खोली उघडी असेल, तर संगणकच उचलून नेता येतो.

चौघांनी एकच पासवर्ड वापरला, तर नोंदीत एकच नाव उमटते. गुणांत फेरफार आढळल्यास तो कोणी केला, हे मग सांगता येत नाही. आणि निर्दोष लिपिकाला वा प्राध्यापकाला आपले निर्दोषत्व सिद्ध करणे कठीण होते. स्वतंत्र पासवर्ड हे अविश्वासाचे लक्षण नसून प्रामाणिक माणसाचे संरक्षण आहे, असे म्हणावे लागेल.

यासाठी फार खर्च लागत नाही. किल्ल्यांची व पासवर्डधारकांची एकच नोंदवही असावी. बदली, निवृत्ती वा तासिका तत्त्वावरील नियुक्ती संपताच किल्ली परत घेणे आणि खाते बंद करणे ही दोन्ही कामे एकाच दिवशी व्हावीत. ना-देय प्रमाणपत्रात ग्रंथालय व प्रयोगशाळा यांच्या रकान्यांसोबत संगणक-खात्याचाही रकाना असावा.

५. समारोप

भौतिक व डिजिटल प्रवेश-नियंत्रण या एकाच दाराच्या दोन कड्या आहेत. एक उघडी राहिली की दुसरीचा उपयोग उरत नाही. नव्या यंत्रसामग्रीच्या खरेदीपूर्वी प्रत्येक संस्थेने एक साधा प्रश्न विचारावा : आपल्याकडून गेलेल्या किती व्यक्तींजवळ आपल्या किल्ल्या आणि पासवर्ड अद्याप आहेत? त्याचे उत्तर लेखी देता येणे, ही सुरक्षेची पहिली पायरी होय.