शिळा आकडा

लेखमाला : आकड्यांमागची यंत्रं — भाग 9

पावसाळ्यात सोलापूर जिल्ह्यातला शेतकरी सकाळी दोन आकडे विचारतो. उजनी धरण किती टक्क्यांवर आलं आणि दौंडचा विसर्ग किती आहे. पुण्यात बंडगार्डनवरून पुढे गेलेली मुळा-मुठा शिरूर तालुक्यातल्या रांजणगाव सांडसला भीमेला मिळते. जिच्यावरून शिरूरला आजही घोडनदी म्हणतात, ती घोडही पुढे भीमेतच येते. हे सगळं पाणी दौंडच्या पुलाखालून उजनीकडे जातं, म्हणून दौंडचा आकडा म्हणजे धरणाला मिळणारी आगाऊ वर्दी. हिशेबही सोपा आहे : 11,574 क्युसेकने पाणी चोवीस तास वाहिलं की 1 टीएमसी होतं, आणि उजनीचा उपयुक्त साठा 53.57 टीएमसीचा.

आता समजा, पुराच्या दिवशी दौंडचा आकडा 50,000 क्युसेकवर आहे आणि सहा तास तो तसूभरही हललेला नाही. नदी खरंच स्थिर असेल, किंवा मोजणारं यंत्र अडकलं असेल. पडद्यावर दोन्ही अगदी सारखंच दिसतं. सहा तासांत एवढ्या विसर्गाने 1 टीएमसीहून जास्त पाणी निघून जातं, म्हणजे फरक कागदावरचा नाही. खरं काय ते दोन गोष्टींवरून कळतं. आकडा किती वाजताचा आहे, आणि शेजारचा आकडा काय सांगतो. बंडगार्डन कालपासून चढत असेल आणि दौंड जागचं हलत नसेल, तर कोणीतरी पुलावर जाऊन बघायला हवं.

या भागाचा विषय सर्व्हरचा आहे, पण सर्व्हरच्या समूहावर नजर ठेवताना नेमक्या याच दोन गोष्टी लागतात.

शिरूर आणि दौंड हे उसाचे तालुके. गाळप हंगामात साखर कारखान्याचा सगळा कारभार आकड्यांवर चालतो : काट्यावर किती टन ऊस आला, गाडीतळावर किती गाड्या उभ्या आहेत, उतारा किती, उद्या कोणत्या गटाला तोड द्यायची. काट्यावरच्या पावत्या आणि प्रयोगशाळेतल्या नोंदी एकत्र करून त्यांचे अहवाल दाखवणारी व्यवस्था म्हणजे बिझनेस इंटेलिजन्स, बोलण्यात बीआय. एका सर्व्हरवर हा भार टाकला आणि तो बसला तर सगळेच आंधळे होतात. म्हणून एकाच कामाला दोन-तीन सर्व्हर जुंपतात. पुढे एक लोड बॅलन्सर असतो, तो येणाऱ्याला कोणत्या सर्व्हरकडे जायचं ते ठरवतो. या जोडणीला क्लस्टर म्हणतात आणि त्यातल्या प्रत्येक सर्व्हरला नोड.

अशाच एका कारखान्यात मी काही हंगाम ईडीपी, म्हणजे संगणक, विभागाचं काम पाहत होतो. एका सकाळच्या बैठकीत शेती अधिकाऱ्यांच्या लॅपटॉपवर कालचं गाळप दिसत होतं आणि चीफ केमिस्टच्या लॅपटॉपवर परवाचं. अहवाल तोच, वेळ तीच. देखरेखीच्या पडद्यावर दोन्ही नोड हिरवे होते. एका नोडने नवा डेटा वाचला होता. दुसरा आपल्या कॅशेतून, म्हणजे आधी काढून ठेवलेल्या उत्तरांतून, शिळं उत्तर वाढत होता. डेटा भरून झाला की कॅशे रिकामी करण्याची आज्ञा सुटायची, पण ती एकाच नोडला जात होती. ही आज्ञा ज्या कामांच्या यादीत होती, ती यादी मीच लिहिली होती.

त्या दिवशी तोडीचं नियोजन चुकलं. तोडून ठेवलेला ऊस उन्हात जास्त वेळ पडून राहिला की वजन घटतं आणि साखरही कमी होते. वजन घटलं की बिल घटतं, आणि ते शेतकऱ्याचं असतं. म्हणून हा विषय मला नुसता कॉम्प्युटरचा वाटत नाही.

हिरवा दिवा कशामुळे लागतो, ते नीट पाहू. क्लस्टरमधला प्रत्येक नोड ठरावीक अंतराने ‘मी आहे’ असं कळवत असतो. त्याला हार्टबीट म्हणतात. ओरॅकलच्या बीआयमध्ये हे ऐकायला क्लस्टर कंट्रोलर असतो, एक मुख्य आणि एक राखीव. तिथल्या क्लस्टर मॅनेजरच्या पडद्यावर प्रत्येक सर्व्हरचं नाव, भूमिका, स्थिती, किती वाजता सुरू झाला, कंट्रोलरशी शेवटचं बोलणं कधी झालं आणि किती सेशन, म्हणजे वापरणाऱ्यांच्या जोडण्या, चालू आहेत, हे एका ओळीत दिसतं. फार कामाची ओळ आहे ही. पण शेवटचं बोलणं झाल्याची वेळ यंत्राची आहे, आकड्याची नव्हे. आमचे दोन्ही नोड वेळच्या वेळी बोलत होते. त्यांना ‘तुझ्याकडचा आकडा किती वाजताचा?’ असं विचारणारं कोणी नव्हतं.

मग आम्ही ते विचारायला लागलो. दर पाच मिनिटांनी एक छोटी स्क्रिप्ट लोड बॅलन्सरला वळसा घालून प्रत्येक नोडला थेट एकच प्रश्न करते : काट्यावरची शेवटची पावती किती वाजताची? लोड बॅलन्सरमधून विचारलं तर उत्तर कोणत्या नोडने दिलं ते कळत नाही, म्हणून हा वळसा. प्रश्नही नेहमीच्या अहवालाच्या वाटेनेच जातो, कॅशेसकट, कारण दुखणं तिथेच असतं. हंगामात काटा रात्रंदिवस चालतो. पावती अर्ध्या तासापेक्षा जुनी असेल, किंवा दोन नोडांच्या उत्तरांत फरक असेल, तर घंटा वाजते. अर्थात ‘नो केन’मुळे, म्हणजे ऊसच न आल्यामुळे, गाळप थांबलं, पाऊस पडून रानातून गाड्या निघेनात किंवा मिल बंद पडली, तरी पावत्या थांबतातच. म्हणून मिल चालू की बंद ही नोंदही त्याच स्क्रिप्टला वाचायला दिली. ती नव्हती तेव्हा पहिल्याच आठवड्यात इतक्या खोट्या घंटा वाजल्या, की रात्रपाळीच्या मुलाने फोन उलटा करून ठेवला. त्याचं काही चुकलं नव्हतं. ज्या घंटेवर कोणाला काही करायचंच नाही, ती वाजवू नये. प्रोमेथिअससारख्या देखरेखीच्या साधनांत अट ठरावीक मिनिटं टिकली तरच इशारा द्यायची सोय असते, तिचा उपयोग जरूर करावा.

दुसरी फसगत सरासरीची. तीन नोडांपैकी दोन 95 टक्के भारावर आणि एक 20 वर असेल, तर सरासरी 70 येते आणि पडदा निवांत दिसतो. प्रत्यक्षात तिसरा नोड जवळजवळ बाजूला पडलेला असतो. आकडे नोडगणिक पाहावेत. दोनच नोड असतील आणि दोन्ही 60 टक्क्यांवर असतील, तर आजच धोका आहे. जोडीतला एक बैल बसला की सगळी गाडी दुसऱ्याच्या मानेवर येते, आणि ती 120 टक्के असते. दोन नोडांत प्रत्येकी 50 आणि तिनांत 66 ही कागदावरची शेवटची हद्द. मी त्याच्याही बरंच खाली राहतो. आणि दोन्ही नोड एकाच खोलीत एकाच यूपीएसवर असतील, तर वीज गेल्यावर ते एकदमच जातात.

दोन कंट्रोलरमधली तार तुटली तर ‘दुसरा मेला’ असं दोघांनाही वाटतं आणि दोघेही मुख्य बनून तेच काम करू लागतात. एकच अहवाल दोनदा मेल होऊ लागला की आधी ही शंका घ्यावी. उपाय बहुमताचा : तिसरा सोबती जोडायचा, मग तिघांत दोघांचं एकमत हवं. चौघांत तिघे लागतात, म्हणजे चौथ्याने खर्च वाढतो, पण सोसता येणारी पडझड तेवढीच, एकाची, राहते.

दुरुस्तीसाठी नोड काढायचा असेल तर तो झटक्यात बंद करू नये. ओरॅकलच्या त्याच पडद्यावर त्यासाठी क्विएस नावाची आज्ञा आहे : हातातलं काम पुरं कर, नवं घेऊ नकोस. कारखान्यातल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. मिल थांबवायची असली की आधी गव्हाणीत ऊस टाकणं बंद करतात आणि आत गेलेला गाळून घेतात. क्विएसमधल्या नोडचे सेशन शून्यावर आलेले दिसले की मगच त्याला हात लावायचा.

स्क्रिप्ट चालू झाल्यावरही रात्रपाळीच्या त्या मुलाने एक वही ठेवली. दर तासाला एक ओळ, तीन रकाने : पहिल्या नोडची शेवटची पावती, दुसऱ्या नोडची शेवटची पावती, आणि काटेवाल्याला फोन करून विचारलेली वेळ. तिसरा रकाना त्याने स्वतःच्या डोक्याने घातला होता. हंगाम संपेपर्यंत एकही तास कोरा नव्हता.

पुढच्या भागात डेटा भरण्याच्या कामाकडे वळू.