दुसऱ्या श्रेणीचे विजेते आणि मुंबईचे कूपरेज

दक्षिण मुंबईत ओव्हल मैदानाला लागून, मादाम कामा मार्गाजवळ असलेले कूपरेज हे मैदान रोव्हर्स चषकामुळे फुटबॉलच्या इतिहासात नोंदले गेले आहे. इंग्रज अमदानीत आरमाराच्या खारवलेल्या मांसासाठी या भागात लाकडी पिंपे बनवली जात; ती 'कूपरेज', म्हणजे पिंपे बनवणाऱ्यांची कार्यशाळा, गेली, नाव तेवढे मैदानाला चिकटून राहिले. 1891 साली सुरू झालेली रोव्हर्स स्पर्धा प्रथम गोऱ्या पलटणींची होती, 1937 साली बंगळूर मुस्लिम्स या संघाने ती जिंकून पहिला भारतीय विजेता होण्याचा मान मिळवला, 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षे ती हैदराबाद पोलिसांकडे राहिली आणि 2001 नंतर ती भरलीच नाही, इतके सांगितले की या मैदानाचा सर्वपरिचित इतिहास संपतो. त्याच्या पुढचा भाग, म्हणजे राष्ट्रीय लीगच्या दुसऱ्या श्रेणीशी असलेले कूपरेजचे नाते, सहसा कोणी सांगत नाही.

दुसरी श्रेणी म्हणजे मुख्य लीगच्या खालची पायरी. तेथील यशस्वी संघ वर चढतो आणि मुख्य लीगमध्ये तळाशी राहिलेला संघ खाली उतरतो, या क्रियांना अनुक्रमे बढती आणि पदावनती म्हणतात. 2007 साली आय-लीग सुरू झाल्यानंतर तिची दुसरी श्रेणी 2008 मध्ये खेळवली गेली आणि तिचे पहिले विजेतेपद मुंबई एफसी या नव्याने स्थापन झालेल्या संघाने मिळवले. त्याआधीची मुंबई ही मफतलाल, टाटा, महिंद्रा, एअर इंडिया अशा आस्थापनांच्या संघांची मुंबई होती. कारखाना, त्याभोवतीची वसाहत आणि वसाहतीतल्यांना नोकरीबरोबर मिळणारी खेळाची संधी ही रचना औष्णिक वीज केंद्राची वसाहत पाहिलेल्या, नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या वाचकाला समजावून सांगावी लागणार नाही. 2010 साली दुसऱ्या श्रेणीतून बढती मिळालेले ओएनजीसी आणि हाल (हिंदुस्थान एरोनॉटिक्स) हे दोन्ही संघ याच रचनेतून आलेले होते. त्यांपैकी हाल हा बंगळूरचा संघ असला तरी ती कंपनी नाशिककरांना ओझरच्या कारखान्यामुळे परिचित आहे. पुढे आशियाई फुटबॉल महासंघाने क्लब परवान्याची अट घातली, म्हणजे संघ हा स्वतंत्र व्यावसायिक संस्था असावा असे ठरवले, आणि 2013 साली ओएनजीसी व एअर इंडिया या दोघांनाही त्या अटीपायी आय-लीग सोडावी लागली. अट तत्त्वतः योग्य होती, पण तिने मुंबईच्या फुटबॉलपटूची पगाराची नोकरी हिरावली आणि तिच्या जागी टिकाऊ असे काही उभे केले नाही.

या सगळ्या धकाधकीत एक माणूस मात्र अभ्यासण्याजोगा आहे. खालिद जमील हे मधल्या फळीत खेळत. त्यांची खेळाडू म्हणून कारकीर्द दुखापतींनी अडवली आणि 2009 साली आधीचे प्रशिक्षक डेव्हिड बूथ यांच्यानंतर त्यांनी मुंबई एफसीचे प्रशिक्षकपद स्वीकारले. 2016 पर्यंत ते तेथे राहिले. या काळात संघाने मोठे चषक जिंकले नाहीत, परंतु तो पदावनत झाला नाही, आणि तुटपुंज्या साधनांच्या संघाला तग धरून ठेवण्याची कारागिरी ही विजेतेपदापेक्षा कमी अवघड नसते, हे तळाशी झुंजणाऱ्या संघांच्या पाठीराख्यांना पटेल. बचाव आधी घट्ट विणायचा, मग संधी मिळेल तेव्हा वेगाने पुढे सरकायचे, अशी त्यांची पद्धत होती. देखण्या खेळाच्या भोक्त्यांनी तिला नाके मुरडली.

त्यानंतरचा हंगाम कोणा कादंबरीकाराने रचला असता तर तो अतिरंजित वाटला असता. मिझोरामचा ऐझॉल एफसी हा 2015 चा दुसऱ्या श्रेणीतील विजेता; पुढच्याच वर्षी तो पदावनत झाला होता, परंतु गोव्यातील क्लबांनी आय-लीगमधून माघार घेतल्याने त्याला परत प्रवेश मिळाला. खालिद जमील त्याचे प्रशिक्षक झाले. 30 एप्रिल 2017 रोजी शिलाँग लाजाँगविरुद्धचा सामना 1-1 असा बरोबरीत सोडवून ऐझॉलने मोहन बागानला एका गुणाने मागे टाकले आणि ईशान्येकडील संघाला प्रथमच राष्ट्रीय लीगचे विजेतेपद मिळाले. त्याच हंगामात दुसऱ्या श्रेणीचा पहिला विजेता, मुंबई एफसी, तळाला राहून पदावनत झाला आणि पुन्हा वर आला नाही. खालिद जमील 2025 साली भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले.

आजच्या कूपरेजवर कृत्रिम हिरवळ आहे. चेंडू जोरात आपटला की तिच्या पात्यांमधून काळ्या रबराचे बारीक कण उडतात आणि दुपारच्या उन्हात हेच रबर इतके तापते की झळ बुटांच्या तळव्यापर्यंत पोहोचते. पावसाळ्यात चिखल होत नाही ही सोय मान्य केली तरी नैसर्गिक गवतावर वाढलेल्या रसिकांची तक्रार रास्तच म्हणावी लागेल. केंक्रे एफसी या मुंबईच्या संघाने याच मैदानावर आय-लीगचे सामने खेळले आणि 2023 मध्ये तोही खाली घसरला.

शेजारच्या गोव्यात धेंपोची कथा निराळी आहे. पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला हा क्लब 2015 मध्ये पदावनत झाला, 2016 मध्ये दुसरी श्रेणी जिंकूनही त्याने वरची जागा नाकारली, आणि पुढे इंडियन सुपर लीगमुळे आय-लीगच देशातील दुसरी श्रेणी ठरल्यानंतर, त्याखालच्या पायरीवरून 2024 मध्ये बढती मिळवून तो पुन्हा आय-लीगमध्ये दाखल झाला.