एसएच-टू : शंभर अमिनो आम्लांची पकड
कर्करोगाच्या संशोधनावर कोंबड्यांचे उपकार फार. १९११ मध्ये न्यूयॉर्कला पेटन राऊस यांनी कोंबडीच्या गाठीचा गाळलेला अर्क दुसऱ्या कोंबडीला टोचला आणि तिलाही गाठ झाली. त्यामागच्या विषाणूतलं दोषी प्रथिन म्हणजे सार्क. १९८६ मध्ये कॅनडात टोनी पॉसन यांचा गट कोंबड्यांच्याच दुसऱ्या एका विषाणूचं प्रथिन तपासत होता. त्यातला सुमारे शंभर अमिनो आम्लांचा एक तुकडा सार्कशी जुळला. नाव पडलं एसएच-टू, म्हणजे सार्कसारखा भाग क्रमांक दोन. बारसं करताना शास्त्रज्ञांनी हात जरा आखडताच घेतला.

काम मात्र रुक्ष नाही. वाढीचा संदेश पेशीच्या दारी आला, की आवरणातल्या ग्राही प्रथिनाच्या आतल्या शेपटीवर काही टायरोसिन या अमिनो आम्लांना फॉस्फेट चिकटतो. एसएच-टू नेमका तोच हुडकतो आणि आपल्या प्रथिनाला तिथे नेऊन बसवतो. मग पुढची साखळी हलते.

रचना पाहावी. मधोमध बीटा-पट्ट, दोन्ही बाजूंना एकेक अल्फा-मळसूत्र. पट्टाच्या एका अंगाला खोल खोबण आणि तिच्या तळाशी धनभारित आर्जिनिन. ऋणभारित फॉस्फेटला धरतं ते हेच. फॉस्फेट सेरिनवरही बसतो, पण सेरिन पडलं आखूड. त्याचा फॉस्फेट तळाला पोचतच नाही. दुसऱ्या अंगाची खाच टायरोसिननंतरचं तिसरं अमिनो आम्ल चाचपते. सार्कला तिथे आयसोल्युसिन आवडतं. दोन्ही पिना बसल्याशिवाय प्लग नीट लागत नाही, तसाच हा प्रकार. ग्रब-टू या प्रथिनाची आवड निराळी: त्याला टायरोसिननंतर दुसऱ्या जागी अ‍ॅस्परजिन हवं. माणसात असे सुमारे १२० एसएच-टू आहेत. खोबण साधारण सारखीच, आवडी वेगळ्या.

पेशीतल्या सार्कची गंमत अशी, की एरवी त्याचा एसएच-टू स्वतःच्याच शेपटीवरचं फॉस्फेटवालं टायरोसिन धरून बसतो आणि सार्क गप्प राहतो. विषाणूच्या सार्कला शेपटीचा तो तुकडाच नाही, म्हणून तो मोकाट.

ही पकड मुळात बेताचीच असते. एसएच-टू धरतो आणि लगेच सोडतोही. संदेश थांबायचा तर सोडायला हवंच. २०१२ मध्ये संशोधकांनी तीन अमिनो आम्लं बदलून पकड कितीतरी घट्ट केली. असा एसएच-टू पेशीत सोडला, तर तो फॉस्फेटवाल्या जागा अडवून बसला आणि वाढीचा संदेश पुढे जाईना.