विश्लेषण : म्हाळसा की बानू? ‘जय मल्हार’मधला वाद अजून मिटत का नाही?

‘जय मल्हार’ ही मालिका संपून बरीच वर्षे झाली. तरी खंडोबाचा विषय निघाला, की ती पाहिलेल्या घरांत एक प्रश्न हमखास येतो : तुम्ही म्हाळसेच्या बाजूचे की बानूच्या? बानू मालिकेत आली ती कथा बरीच पुढे सरकल्यावर, नायकाचे दुसरे प्रेम म्हणून. एरवी अशा पात्राच्या वाट्याला प्रेक्षकांचे शिव्याशाप येतात. बानूला मात्र लोभ मिळाला आणि हक्काचे पाठीराखेही मिळाले. असे का झाले, याचे उत्तर मालिकेच्या पटकथेपेक्षा जेजुरीच्या पायऱ्यांवर अधिक सापडते.

वाद नेमका काय आहे?

झी मराठीवर मे २०१४ मध्ये सुरू झालेली आणि २०१७ पर्यंत चाललेली ‘जय मल्हार’ ही महेश कोठारे यांच्या संस्थेची निर्मिती. देवदत्त नागे खंडोबा, सुरभी हांडे म्हाळसा आणि ईशा केसकर बानू. पहिल्या टप्प्यात खंडोबा आणि म्हाळसा यांचा संसार प्रेक्षकांच्या अंगवळणी पडला होता. त्यानंतर बानू आली. म्हाळसेची बाजू घेणाऱ्यांचे म्हणणे सरळ होते : लग्नाची बायको घरी असताना देव दुसरीकडे जातोच कसा? बानूच्या पाठीराख्यांचे म्हणणेही तितकेच सरळ होते : तिने कुणाचे काय हिसकावले? देव स्वतः तिच्या वाड्यावर गेला, चाकर म्हणून राबला. मग दोष तिचा कसा?

मूळ कथा काय सांगते?

मणी आणि मल्ल या दैत्यांच्या वधाची कथा ‘मल्हारी माहात्म्य’ या संस्कृत ग्रंथात येते. बानूची, म्हणजे बाणाईची, कथा मात्र मुख्यतः लोकगीतांतून आणि जागरणातल्या कथनांतून वाढली. म्हाळसा ही नेवाशाच्या लिंगायत वाण्याची लेक. तिचे लग्न सातारा जिल्ह्यातल्या पाल येथे लागले, असे परंपरा मानते आणि पौष महिन्यात तो सोहळा तिथे आजही होतो. बाणाई ही मालेगावजवळच्या चंदनपुरीच्या धनगराची लेक. खंडोबा म्हाळसेबरोबर सारीपाट खेळताना पण हरला, बारा वर्षांच्या वनवासाला निघाला आणि चंदनपुरीत मेंढ्या राखायला राहिला. तिथे त्याने मेंढ्या मारल्या आणि बाणाईचा हात मिळेल या अटीवर त्या पुन्हा जिवंत केल्या. संस्कृत वळणाच्या कथनांत म्हाळसा पार्वती आणि बाणाई गंगा होते. तपशील गावागणिक बदलतात. दोन बायका आणि त्यांचे भांडण मात्र कुठेच सुटत नाही.

दुसरे प्रेम धनगराच्या घरचेच का?

या प्रश्नावर रा. चिं. ढेरे यांनी ‘खंडोबा’ या ग्रंथात आणि गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने आयुष्यभराच्या भटकंतीतून विचार केला. खंडोबा हा एका जातीचा देव नाही. व्यापारी, शेतकरी, मेंढपाळ, सैनिक असे सगळेच त्याला आपला म्हणतात. प्रत्येकाला देवाशी नाते हवे आणि आपल्याकडे नाते जुळते ते लग्नाने. म्हणून म्हाळसा आणि बाणाई यांच्याबरोबर काही परंपरांत शिंप्याची रंभाई, माळ्याची फुलाई आणि चंदाई याही खंडोबाच्या बायका मानल्या जातात. एकेका बायकोच्या रूपाने एकेक समाज देवाच्या घरात येतो.

हे केवळ मराठी मुलखातले नाही. कर्नाटकात हाच देव मैलार होतो, तेव्हा त्याची एक पत्नी कुरुब म्हणजे मेंढपाळ समाजाची असते. तेलंगणात कोमुरवेल्ली इथल्या मल्लण्णाशेजारी मेडलम्मा आणि गोल्ल म्हणजे पशुपालक समाजाची केतम्मा या दोघी उभ्या असतात. तीन भाषांत एकच रचना दिसते : एक बायको स्थिर वस्तीतली, दुसरी कळपामागे फिरणाऱ्यांची. त्यामुळे अनेक धनगर घरांत बाणाई ही ‘दुसरी बाई’ नसते. ती त्यांची लेक असते आणि खंडोबा जावई असतो. ‘दुसरी’ हा शब्द म्हाळसेच्या अंगणात उभे राहिले तरच सुचतो.

लोकपरंपरा या भांडणाचा निकाल कसा लावते?

ती निकाल लावतच नाही, वाटणी करते. जेजुरीच्या गडावर देवाशेजारी म्हाळसा आहे. बाणाईचे देऊळ डोंगराच्या मध्यावर, पायऱ्यांच्या वाटेत आहे. कथा अशी, की दोघींचे जमेना तेव्हा देवाने डोंगर वाटून दिला : वरचा भाग म्हाळसेला, खालचा बानूला.

बुलढाणा जिल्ह्याच्या वाचकाला ही वाटणी समजायला अवघड नाही. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा घाटावर. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद घाटाखाली. हवा वेगळी, पिके वेगळी, बोलीचा हेलही वेगळा. पण खाली आहे म्हणून कुणी स्वतःला उणे समजत नाही. बाणाईचे भक्तही तिला मधल्या पायरीवर बसवलेली समजत नाहीत. खालचा डोंगर तिचा आहे, असेच ते म्हणतात.

लग्नानंतरच्या जागरणात वाघ्या-मुरळी दिमडी, तुणतुणे आणि घोळाच्या साथीने दोघींचे भांडण रंगवतात. म्हाळसा बानूच्या अंगाला येणाऱ्या मेंढ्यांच्या वासावर बोलते, तिच्या घरच्या मटणावर बोलते. बानूही उलटून बोलते. मध्ये सापडलेल्या देवाची फजिती होते आणि ऐकणारे हसतात. पण या हसण्याखाली सोवळे-ओवळे आहे, कोण कुणाच्या हातचे खाते हा प्रश्न आहे. चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचे भरीत आणि रोडगा दाखवतात. वऱ्हाडात रोडगे घरचेच; पण त्याच देवाच्या नावाने काही ठिकाणी देवळाबाहेर बोकडही पडतो. एकाच देवाची दोन ताटे आहेत आणि प्रत्येक ताटामागे एकेक बायको आहे.

मालिकेत काय बदलले?

जागरण एका रात्रीत संपते. दैनंदिन मालिकेला रोज रात्री पुढच्या भागाची ओढ लावावी लागते आणि ती ओढ सर्वांत सोपी मिळते सवतींच्या भांडणातून. त्यामुळे गीतात चार कडव्यांत येणारा रुसवा मालिकेत आठवडेच्या आठवडे चालतो. गीतात दोघी एकमेकींच्या तोडीस तोड असतात. पडद्यावर एकीच्या डोळ्यांत पाणी आले, की दुसरी आपोआप कारण ठरते. प्रेक्षकांनी बाजू घेतल्या त्या इथे.

तरीही एक गोष्ट मालिकेला बदलता आली नाही. बानूला खलनायिका करण्याचा मार्ग बंद होता, कारण तिची पूजा होते. ज्या बाईला लोक भंडारा वाहतात तिला कारस्थानी दाखवता येत नाही. मग तिला भोळी, निष्ठावान आणि कष्टाळू दाखवणे भाग होते. म्हाळसेलाही वाईट ठरवता येत नव्हते, कारण तीही देवीच. दोघीही निर्दोष असल्या, की वाद मिटवायला पात्रांचा दोष पुरत नाही. म्हणून तो प्रेक्षकांकडे सरकला.

शनाया नावडती, मग बानू आवडती कशी?

ही तुलना सोपी करणारा एक योगायोग आहे. बानू साकारणाऱ्या ईशा केसकर यांनीच पुढे ‘माझ्या नवऱ्याची बायको’ (२०१६ ते २०२१) या मालिकेत काही काळ शनायाची भूमिका केली. ती आधी आणि नंतर रसिका सुनील यांच्याकडे होती. शनायाही नायकाचे दुसरे प्रेम. पण त्या मालिकेत राधिका ही नागपूरकडची, आपल्या वळणाचे बोलणारी गृहिणी होती. फसवणूक उघड होती आणि गुरुनाथ हा नवराही दोषी होता. शनायाच्या हावरेपणावर लोक हसले, पण न्याय राधिकेलाच मिळावा याबद्दल फारसे दुमत नव्हते.

म्हणजे एकाच अभिनेत्रीला दोन ‘दुसऱ्या’ मिळाल्या आणि निवाडे उलटे आले. फरक चेहऱ्यात किंवा अभिनयात शोधून भागत नाही. शनायामागे कुठला समाज, कुठले देऊळ, कुठले गाणे नव्हते. बानूमागे ते सगळे होते. शिवाय गुरुनाथला जाब विचारता येत होता. खंडोबाला तो विचारायचा कुणी?

इतर अद्भुत मालिकांमध्ये असे होते का?

होते, पण निराळ्या कारणाने. हिंदीतल्या ‘नागिन’च्या २०१५ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या पर्वात शिवन्या आणि शेषा या दोन इच्छाधारी नागिणी रितिक या एकाच माणसाच्या प्रेमात पडतात. तिथे शेषा हळूहळू विरोधात जाते आणि प्रश्न सुटतो. कोरियन मालिकांच्या चाहत्यांमध्ये तर नायकापेक्षा मागे राहणाऱ्या दुसऱ्या प्रियकरावर जीव जडण्याच्या सवयीला ‘सेकंड लीड सिंड्रोम’ असे नावच पडले आहे. तिथे प्रश्न असतो, की नायिकेने कुणाला निवडायला हवे होते. लेखकाने निवड केली, की मालिका संपते आणि चाहते हळहळतात. म्हाळसा-बानूच्या कथेत निवड होतच नाही. दोघीही राहतात आणि देव दोघींचा राहतो. शेवटच नसल्यामुळे हळहळही संपत नाही.

याचा आजच्या बायकांशी काय संबंध?

वाद नुसत्या आवडीनिवडीचा राहत नाही तो इथे. देवाला जमले ते माणसाला कायद्याने बंद आहे. मुंबई प्रांताने हिंदूंमधील बहुपत्नीत्व १९४६ च्या कायद्याने रोखले. बुलढाणा तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होता. तो कायदा इथे नव्हता. पुढे हिंदू विवाह कायदा, १९५५ देशभर आला आणि पहिला जोडीदार हयात असताना केलेले दुसरे लग्न रद्दबातल ठरले. आज भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली त्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे. तरीही ‘दुसरी’ घरात येते तेव्हा गावात चर्चा दोन बायकांचीच होते. कोण चांगली, कोण वाईट, कुणी सांभाळून घ्यायला हवे होते. त्या चर्चेत नवरा जणू डोंगरासारखा, जागच्या जागी आणि कुणाच्याही बोलण्यापलीकडचा. पडद्यापुढच्या वादातही तेच झाले. म्हाळसेची माणसे आणि बानूची माणसे भांडली आणि देव सहीसलामत सुटला. जागरणातली गाणी निदान त्याची फजिती तरी करतात.

दुसरा संबंध अधिक कडू आहे. खंडोबाशी लग्न लावलेल्या आणखी बायका होत्या : मुरळ्या. नवसापोटी मुलगी देवाला सोडायची आणि तिने जन्मभर संसाराविना राहायचे. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या चालीविरुद्ध आवाज उठवला. महाराष्ट्राने देवदासी समर्पणाविरुद्ध २००५ मध्ये कायदा केला. बाणाईला डोंगराचा हिस्सा मिळाला. मुरळीला ना घर मिळाले ना हिस्सा, आणि बानूचे गाणे मात्र तीच गात राहिली. बानूवर माया करणाऱ्या प्रेक्षकाने या बायकांची आठवण ठेवायला हरकत नाही.

मग खरी बाजू कोणाची?

वाघ्याला हा प्रश्न विचारला तर तो बहुधा दिमडी वाजवून पुढच्या कडव्यावर जाईल. परंपरेने दोघींपैकी कुणालाही घालवले नाही आणि कुणाची तक्रारही पुसली नाही. म्हाळसेचा राग खरा आणि बानूचा मानही खरा. मालिका पाहून एकीला जिंकवायला निघालेल्याने एकदा नवलाख पायरीचा गड चढून पाहावा. चढताना आधी लागते ते बानूचे देऊळ. तिथे भंडारा वाहिल्यावरच अनेक जण म्हाळसेकडे जायला वरची वाट धरतात.