बत्तीस बोअरची निवड

भारतात स्वसंरक्षणासाठी जवळ बाळगायचे शस्त्र निवडताना पहिली चाळण कायदाच लावतो. १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम यांनुसार लष्कर-पोलिसांच्या वापरातले ९ मिलिमीटरचे माप ‘प्रतिबंधित बोअर’मध्ये मोडते. स्वसंरक्षणासाठी जगभर लोकप्रिय असलेले हे माप सामान्य परवानाधारकासाठी असे बाद होते आणि उरते ते मुख्यतः बत्तीस बोअर. खासगी आयातही ऐंशीच्या दशकापासून बंद आहे. त्यामुळे एखादे जुने परदेशी वेब्ली किंवा वाल्थर बनावटीचे शस्त्र भलत्याच भावाला विकले जाते. तो भाव दुर्मीळपणाचा असतो, उपयुक्ततेचा नव्हे.

बत्तीस बोअरमध्येही दोन वेगळी काडतुसे आहेत. रिव्हॉल्व्हरचे लांब काडतूस १८९६ सालचे, तर पिस्तुलाचे आखूड काडतूस जॉन ब्राउनिंगच्या १८९९ च्या रचनेतले. एकाचे काडतूस दुसऱ्यात वापरायचे नसते. दोन्हींचा धक्का सौम्य असतो, पण मारकशक्तीही बेताचीच. म्हणून नेमकेपणाला महत्त्व येते.

मग प्रश्न उरतो रिव्हॉल्व्हर की पिस्तूल, हा. रिव्हॉल्व्हर साधे: काडतूस फुसके निघाले, तर चाप पुन्हा ओढायचा, पुढचे समोर येते. मात्र चाप जड असतो आणि फिरत्या सिलिंडरमुळे कमरेशी फुगवटा दिसतो. पिस्तूल चपटे असल्याने सदऱ्याखाली सहज लपते; पण स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, ओढायला मनगटात जोर लागतो आणि काडतूस अडकले तर ते सोडवायला सरावाचा हात हवा. वर्षानुवर्षे फायरिंग रेंजचे तोंड न पाहणाऱ्याने रिव्हॉल्व्हरच घ्यावे.

कानपूरच्या आयुध निर्माणीने २०१४ मध्ये ‘निर्भीक’ हे सुमारे ५०० ग्रॅमचे सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर महिलांसाठी म्हणून आणले. किंमत होती सव्वा लाखाच्या आसपास, म्हणजे ज्या बहुसंख्य स्त्रियांना भीती वाटते त्यांच्या आवाक्याबाहेरची. पर्समध्ये मावते, हा त्याचा गुण सांगितला गेला. पण पर्स ही शस्त्र ठेवण्याची सर्वांत वाईट जागा. ती हिसकावली जाते, आणि आतली किल्ली चापात अडकू शकते. चाप पूर्ण झाकणारे, पट्ट्याला घट्ट बसणारे होल्स्टर शस्त्राइतकेच पारखून घ्यावे. २०१६ च्या नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी शस्त्र पूर्ण झाकलेलेच लागते. म्हणजे अमेरिकेत ज्यावर इतका वाद चालतो, ते लपवून बाळगणे इथे बंधनकारक आहे.

परवाना पोलीस आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी देतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तो पाच वर्षे चालतो. निवडणुकीच्या काळात शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करण्याचा आदेश निघू शकतो. गोळी झाडण्याची वेळ आलीच, तर भारतीय न्याय संहितेची स्वसंरक्षणाच्या हक्काविषयीची कलमे ३४ ते ४४ लागू होतात: बळ बचावापुरतेच वापरता येते, आणि पळून जाणाऱ्या चोरावर मागून झाडलेली गोळी त्यात बसवणे फार अवघड.