आत्मविश्वास अख्ख्या शाळेचा!

एखाद्या माणसात आत्मविश्वास असतो, हे आपण जाणतो. पण अख्ख्या शाळेलाही आत्मविश्वास असतो आणि तो चक्क मोजता येतो, हे ठाऊक आहे?

स्टॅनफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९९३ साली अमेरिकेतल्या ७९ प्राथमिक शाळांचा अभ्यास मांडला. गरीब घरची मुलं जास्त असली की शाळा मागे पडते, असा सगळ्यांचाच समज. पण ‘आपण सगळे मिळून या मुलांना शिकवू शकतो’ अशी जिथल्या शिक्षकांची पक्की खात्री होती, तिथल्या गरीब वस्तीतल्या शाळाही देशाच्या तुलनेत थेट वरच्या फळीत पोहोचल्या होत्या!

हा विश्वास मोजतात कसा? पुढे २००० साली रॉजर गोडार्ड आणि सहकाऱ्यांनी केलेली प्रश्नावली पाहा. त्यात शिक्षकाला ‘तुम्हाला किती जमतं?’ असं विचारतच नाहीत. अवघड वाटणाऱ्या मुलांपर्यंत या शाळेतले शिक्षक पोहोचू शकतात का, असं विचारतात. म्हणजे मोजला जातो तो शेजारच्या वर्गातल्या सहकाऱ्यावरचा भरवसा, आणि त्याचा धागा मुलांच्या गणिताच्या नि वाचनाच्या गुणांशी जुळतो!

मग हा भरवसा रुजवायचा कसा? मुख्याध्यापकांच्या भाषणाने? थोडाफार. विहिरीच्या काठावरून कितीही धीर दिला, तरी पोहता येतं ही खात्री पाण्यात तरंगल्यावरच पटते. बांडुराही हेच सांगतात: सर्वांत बळ देतं ते स्वतः मिळवलेलं यश, त्याखालोखाल आपल्यासारख्याच कुणाचं डोळ्यांनी पाहिलेलं यश.

जपानी शाळांनी ही दोन्ही यशं एकाच तासात बसवली आहेत. शिक्षक मिळून एक पाठ आखतात. एकजण तो शिकवतो, बाकीचे वह्या घेऊन वर्गातच उभे राहतात. आणि पाहतात कुणाकडे? मुलांकडे! कुणाची पेन्सिल कुठे थबकली? कुणी खोडून पुन्हा मांडलं? तास संपला की सगळे चर्चेला बसतात. पाठ सगळ्यांनी आखलेला, त्यामुळे फसला तर दोष एकट्याचा नाही. आणि साधला तर यश सगळ्यांचं.

मुख्याध्यापकांच्या हाती आहे ते हेच: एकमेकांचे वर्ग पाहायला वेळापत्रकात जागा करणं. तेव्हा सर, मॅडम, पुढच्या शिक्षक सभेत परिपत्रकं जरा बाजूला ठेवा. टेबलावर मुलांच्या वह्या मांडा आणि विचारा, यातलं काय आपल्या शिकवण्यामुळे घडलं?