चिखलवाटेची गाडी आणि आपल्या हातातला पाना

मैत्रिणींनो, शिलाई मशीनचा दोरा अडकला तर तुम्ही मिस्त्रीची वाट बघत बसता का? कुकरची शिटी होईना तर आधी रिंग काढून बघता, शिटीचं भोक साफ करता. मिक्सर थांबला की तळाचं लाल बटण दाबून पाहता. मग दारात उभी असलेली मोपेड बंद पडली, की आपण सगळ्या हात बांधून "अहो, जरा बघता का?" का म्हणतो? हा प्रश्न मी स्वतःलाच विचारला, तोही ठेच लागल्यावर.

आमचं गाव हसनाबाद, तालुका भोकरदन, जिल्हा जालना. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन. मका, कपाशी, सोयाबीन उत्तम येतं, पण मृग बरसला की पाणंदीतून चालणं मुश्कील. चपलेला दोन-दोन शेर चिखल चिकटतो, तिथं गाडीच्या चाकाची काय कथा! गेल्या श्रावणात आम्ही सासू-सुना वावरात गेलो होतो. मोपेड बांधावर लावली होती, दिवसभर भुरभुर चालूच. दिवेलागणीला गवताचा भारा उचलताना आत्याबाईंना विंचू चावला. घरचे पुरुष जालन्याला गेलेले. मी किक मारते आहे, मारते आहे, गाडी ढिम्म! आत्याबाईंना घामाच्या धारा लागलेल्या. शेवटी लांबच्या वावरातल्या एका दादांनी ट्रॅक्टर आणला आणि आम्ही दवाखाना गाठला. विंचूदंशावरच्या उपचारासाठी जगभर नाव झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे आमच्याच तालुक्यातल्या देहेडचे. तेव्हा विंचवाला मंत्र-तंत्र नव्हे, वेळेवर दवाखाना लागतो, हे इकडे आता लहान पोरही सांगेल. आत्याबाई बऱ्या झाल्या. पण अर्धा तास वाया गेला तो गेलाच.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले. प्लगवरची रबरी टोपी काढली, फडक्यानं आतून-बाहेरून पुसली, दाबून बसवली. एका किकमध्ये गाडी चालू! "ताई, काही बिघडलं नव्हतं. टोपी ओली झाली होती," म्हणाले. म्हणजे पदराच्या टोकानं होणारं काम! त्या दिवशी ठरवलं, या गाडीची निदान बाराखडी तरी शिकायचीच. ती शिकले, आणि तीच आज तुम्हाला सांगते आहे.

आपली सर्ववाट गाडी

परदेशात शेतातून, चिखलातून, डोंगरातून फिरायला जाड चाकांची वेगळी गाडी असते. होंडा कंपनीनं १९७० साली तीन चाकांची अशी गाडी बाजारात आणली. पुढं ती फार उलटते म्हणून चार चाकांची रूढ झाली. आपल्या खेड्यांत ते काम मोपेडच करते. १९७२ साली कायनेटिकची लूना आली, १९८० साली दोन माणसं बसतील अशी टीव्हीएस ५० आली, आणि बायका सायकलीवरून गाडीवर आल्या. लूना २०२४ साली बॅटरीवर चालणारी होऊन पुन्हा अवतरली. पण आमच्याकडे पाणंदीत दिसते ती बहुतेक शंभर सीसीची, मोठ्या चाकांची टीव्हीएस एक्सएल. पुढं खताची गोणी, मागं दुधाची किटली, मध्ये आपण. बैलानं केलं असतं तेवढं काम ती करते. बैलाला पोळ्याला न्हाऊमाखू घालतो, शिंगं रंगवतो. गाडीला मात्र दसऱ्याला झेंडूचा हार घातला की आपलं कर्तव्य संपलं! हार घालाच हो, पण चेनलाही तेल घाला.

डिकीत एवढं असू द्या

प्लगचा पाना, दोन-तीन मापांचे साधे पाने, स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, जुना दात घासायचा ब्रश, बारीक पॉलिश पेपरचा तुकडा, सुती फडकी, एक जादा प्लग, एक जादा फ्यूज आणि छोटी बॅटरी. शिवाय चिखल खरवडायला लाकडी पट्टी. सगळं जुन्या दुधाच्या पिशवीत गुंडाळून ठेवा, गंजणार नाही. आणि गाडीबरोबर मिळालेली माहितीपुस्तिका? ती बहुधा कपाटात साड्यांखाली असेल. ती शोधून काढा. तेल किती, हवा किती, चेनला ढील किती, हे प्रत्येक गाडीचं वेगळं असतं आणि त्यात शेवटचा शब्द पुस्तिकेचा.

दर रविवारी अर्धा तास

गाडी थंड असताना, स्टँडवर, सपाट जागी उभी करा. किल्ली काढून खिशात. पदर खोचा, ओढणी बांधा, बांगड्या मागे सारा. चालू इंजिनाच्या चेनजवळ हात नेऊ नका. चेन बोट मागत नाही, घेऊनच टाकते.

*इंजिन ऑइल.* कांडी काढा, पुसा, पुस्तिकेत सांगितलं तशी पुन्हा घालून काढा. तेल दोन खुणांच्या मध्ये हवं. कमी असेल तर सांगितलेल्याच प्रतीचं घाला, पण वरच्या खुणेच्या वर नाही. "जास्त घातलं तर बरंच," हा न्याय लोणच्याला ठीक, इंजिनाला नाही. आणि हे लक्षात घ्या: जुन्या टू-स्ट्रोक मोपेडमध्ये ऑइल पेट्रोलमध्ये मिसळत. आताच्या फोर-स्ट्रोक गाडीत ते वेगळ्या जागी असतं. सवयीनं टाकीत ऑइल ओतलं तर प्लग काजळेल. काढलेलं काळं तेल विहिरीजवळ, वावरात ओतू नका, डब्यात भरून गॅरेजवर द्या.

*चेन.* आधी सुका चिखल ब्रशनं काढा. मग थोड्या रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्यानं पुसा. मागचं चाक हातानं हळूहळू फिरवत आतल्या बाजूनं चेनच्या तेलाचे थेंब सोडा आणि जास्तीचं पुसून घ्या. तेल निथळत राहिलं तर त्यावर माती बसते आणि तीच माती कानशीसारखी दात झिजवते. शिलाई मशीनचं तेल इथं वापरू नका, फार पातळ असतं. आता चेनच्या मधोमध बोटानं वर-खाली करून पाहा. साधारण दोन ते तीन सेंटिमीटर हलली तर ठीक. फार ढिली झाली तर उतरेल, फार ताणली तर तुटेल. ताणायची असल्यास मागच्या चाकाचा मोठा नट ढिला करून दोन्हीकडचे ताणाचे नट सारखेच फिरवायचे. खुणा दोन्हीकडे जुळल्या नाहीत तर चाक तिरकं बसतं. मोठा नट पुन्हा पक्का आवळला का, ते दोनदा बघा. पहिल्यांदा हे मिस्त्रीसमोर करा, मग एकटीनं.

*ब्रेक.* मागचं चाक फिरवून बघा, मोकळं फिरलं पाहिजे. मग ब्रेक दाबा, झटकन थांबलं पाहिजे. लिव्हर मुठीला टेकत असेल तर तारेच्या टोकाचा नट थोडा आवळा आणि चाक पुन्हा मोकळं फिरतं का ते तपासा. चेन ताणली असेल तर मागचा ब्रेक नंतर हमखास बघायचा. नट आवळून आवळून संपला म्हणजे आतले ब्रेक शू झिजले. ते बदलायला टाका, चालढकल नको.

*हवा आणि काटे.* टायरवरून नजर फिरवा. बाभळीचा काटा मोडून आत राहिला असेल तर आज नाही तर उद्या ट्यूबपर्यंत पोचतो. पक्कडीनं उपटा. गोणी घेऊन जायचं असेल तर पुस्तिकेत ओझ्यासाठी सांगितलेली हवा भरा.

*एअर क्लीनर.* मळणीच्या दिवसांत, मक्याचा भुसा उडतो तेव्हा, हा लवकर तुंबतो. मग गाडी चढाला दम टाकते आणि पेट्रोल पिते. आतली जाळी कागदाची असेल तर हलकेच झटका, धुऊ नका. तिचं आयुष्य संपलं की नवी घाला. स्पंजाची असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून, पुस्तिकेत सांगितलं असल्यास तेलाचं बोट लावून बसवा.

पावसाळ्याची वेगळी काळजी

आमची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि चिकटते. चाक आणि मडगार्डच्या मध्ये ती लाद्यासारखी बसते, चाक फिरेनासं होतं. आपण ॲक्सिलरेटर पिळत राहिलो की क्लच जळतो, त्याचा वास येतो. तेव्हा पिळू नका. उतरा, इंजिन बंद करा, लाकडी पट्टीनं चिखल खरवडा, मग ढकलत पुढं न्या.

इथं एक कळकळीची गोष्ट. चिखल अडकतो म्हणून आमच्याकडे पुष्कळ लोक मागच्या चाकावरची साडीची जाळी काढूनच टाकतात. मैत्रिणींनो, हे करू देऊ नका. मागं बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून निम्मं चाक झाकलेलं असावं, असा मोटार वाहनांचा नियमच आहे आणि तो आपल्यासाठीच केलेला आहे. पदर एकदा चाकात गेला की सावरायला क्षणही मिळत नाही. चिखल रोज काढता येतो, माणूस परत आणता येत नाही.

ओढ्यातून गाडी काढली की पलीकडे लगेच वेग घेऊ नका. हळू चालवत ब्रेक दोन-चार वेळा हलकेच दाबा, म्हणजे आतलं पाणी सुकतं. गाडी धुताना जोराच्या पाण्याचा फवारा प्लगवर, चाकांच्या मध्यावर, दिव्यांच्या वायरींवर मारू नका. वावरात उभी करायची तर झाडाखाली नाही जमलं, निदान इंजिनावर जुनी खताची पिशवी टाका. थंड झाल्यावर हं, तापल्या सायलेन्सरला पिशवी चिकटेल!

बंद पडली तर? घाबरू नका, क्रमानं चला

१. टाकीत पेट्रोल आहे का? जुन्या गाडीला कॉक असेल तर तो उघडा आहे का? हसू नका, निम्म्या वेळा इथंच उत्तर सापडतं.

२. किल्ली नीट फिरली आहे का? दिवा, हॉर्न लागतो का? काहीच लागत नसेल तर फ्यूज बघा. उडालेला असल्यास त्याच मापाचा घाला. तार गुंडाळून काम भागवू नका, वायरिंग जळतं.

३. बटणानं चालू होत नाही पण किक आहे? मग किक मारून बघा. बॅटरी उतरली असेल.

४. प्लगची टोपी काढा, पुसा, कोरडी करा, दाबून बसवा. माझा धडा!

५. तरी नाही? इंजिन थंड होऊ द्या. प्लगभोवतीची माती आधी पुसा, नाहीतर आत पडेल. मग पान्यानं प्लग काढा. ओला असेल तर पुसून वाळवा, काजळी असेल तर ब्रशनं साफ करा. टोक झिजलं असेल तर जादा प्लग लावा. बसवताना आधी हातानं फिरवा, आटे सरळ बसले की मगच पाना लावून बेताचं आवळा.

६. एवढं करून चालू झाली नाही तर थांबा. एप्रिल २०२० पासूनच्या नव्या नियमांच्या गाड्यांत बहुधा कार्बोरेटर नसतो, पेट्रोल यंत्रानं फवारलं जातं. त्याला हात लावायचा नाही. तिथून पुढं मिस्त्रीचं राज्य.

पेट्रोलजवळ काडी, विडी, उदबत्ती नको, हे वेगळं सांगायला नकोच.

आणि शेवटी

तुम्ही म्हणाल, एवढं सगळं आम्ही कधी करायचं? घर, वावर, गुरं, पोरांच्या शाळा! खरं आहे. पण रविवारचा अर्धा तास काढून पाहा. सोबत मुलीलाही बसवा. गाडी तिला अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर, परवाना काढून आणि हेल्मेट घालूनच चालवायची, पण पाना धरायला वयाची अट नाही. आमच्या घरी सुरुवातीला हसले सगळे. "आता गॅरेज टाकते की काय?" म्हणाले. मी मनावर घेतलं नाही.

परवा भाद्रपदाच्या सरीत पुन्हा तसंच झालं. संध्याकाळ, वावर, गाडी बंद. आत्याबाई बांधावर बसल्या होत्या. त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. मी टोपी काढली, पदराच्या कोरड्या टोकानं पुसली, दाबली, किक मारली. गाडी सुरू झाली. आत्याबाई मागं बसल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "चल पोरी, अंधार व्हायच्या आत घरी जाऊ."

दिवा पेटायच्या आत आम्ही घरी होतो.